कोल्हापूरचे मेजर मँट

म्युनिकला पाहुणे आले की नॉयश्वानस्टाइनची वारी ठरलेली! दुसऱ्या लुडविग राजाने १८६९ मध्ये बांधायला घेतलेला तो पांढराशुभ्र वाडा पाहून सगळेच म्हणतात, "काय बाई हौस!" मी पडले कोल्हापूरची, त्यामुळे मला तिथे आमचा नवा राजवाडा आठवतो. तोही त्याच सुमाराचा, १८७७ ते १८८४. पण लुडविगचं नाव पाठ असणारा कोल्हापूरकर "राजवाडा कोणी बांधला?" म्हटलं की गडबडतो.

त्याचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. जन्म १८३९, पेशाने इंग्रज लष्करातले अभियंते. कोल्हापूरचा टाउन हॉल आणि आपला सीपीआर दवाखाना हेही त्यांचंच काम. टाउन हॉल अगदी विलायती वळणाचा, उतरत्या छपरांचा आणि टोकदार मनोऱ्यांचा. राजवाड्यात मात्र हा माणूस बदललेला दिसतो. तोच काळा दगड, पण घुमट, छत्र्या, गुजरात-राजस्थानकडची जैन आणि हिंदू घडण, शिवाय इथल्या वाड्यांची ठेवण. मला स्वतःला टाउन हॉलपेक्षा राजवाडाच जास्त आपला वाटतो, तो यामुळेच.

मँटसाहेबांचं एक काम तर आपल्या वाटेवर आहे, बरं का! कोल्हापूरचे तरुण राजाराम महाराज युरोपच्या प्रवासातून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लोरेन्सला वारले. आर्नो नदीच्या काठी त्यांचं दहन झालं. तिथे कासिने बागेत १८७४ मध्ये छत्री उभी राहिली, ती मँट यांच्या आराखड्याप्रमाणे. आतला महाराजांचा रंगीत अर्धपुतळा फुलर या शिल्पकाराचा. गाडीने इटलीला जाणारी आपली मंडळी उफीझीच्या रांगेत तासन् तास उभी राहतात, छत्रीकडे क्वचितच कोणी फिरकतं.

बडोद्याचा प्रचंड लक्ष्मीविलास राजवाडाही मँट यांचाच. पण १८८१ मध्ये, जेमतेम चाळिशी ओलांडलेली असताना ते गेले. आपलं गणित चुकलंय, इमारती कोसळणार, या धास्तीने त्यांचं डोकं फिरलं असं सांगतात. (लुडविगलाही १८८६ मध्ये वेडा ठरवलंच होतं!) बडोद्याचं काम पुढे चिझम यांनी १८९० मध्ये पुरं केलं. कोल्हापूरचा राजवाडा मँट यांच्या पश्चात तीन वर्षांनी तयार झाला. दोन्ही आजही भक्कम उभे आहेत.