मानव व चिंपांझी यांच्यातील जनुक-नियमनाचा तुलनात्मक अभ्यास : एका गृहीतकाचा इतिहास (१९७५–२०२१)

प्रस्तावना

विज्ञानाचा इतिहास हा बहुधा शोधांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. एखादा विचार मांडला गेल्यानंतर तो तपासून पाहण्याचे साधन हाती येईपर्यंत जो काळ लोटतो, त्या काळाकडे इतिहासकाराचे लक्ष फारसे जात नाही. १९७५ साली मेरी-क्लेअर किंग आणि अॅलन विल्सन यांनी मानव व चिंपांझी यांच्यातील फरकांविषयी एक गृहीतक मांडले. ते जिवंत पेशींमध्ये, आणि तेही विकासाच्या आरंभीच्या अवस्थांमध्ये, पद्धतशीरपणे तपासून पाहण्यास २०१५ साल उजाडावे लागले. हा विलंब बुद्धीचा नव्हता, तर प्रामुख्याने अभ्याससामग्रीचा होता, आणि सामग्रीचा प्रश्न शेवटी नीतीच्या प्रश्नाशी जाऊन भिडत होता, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

‘माणूस आणि चिंपांझी नव्याण्णव टक्के सारखे’ हे वाक्य आज स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांपासून महाविद्यालयीन व्याख्यानांपर्यंत सर्वत्र ऐकू येते. हे वाक्य कोठून आले, ते नेमके कशाविषयी होते आणि ते उच्चारणाऱ्यांना त्यातून काय सुचवायचे होते, याची विचारणा मात्र क्वचितच होते. वास्तविक हे वाक्य उत्तर म्हणून नव्हे, तर कोडे म्हणून जन्माला आले होते.

साम्याचा शोध

या तुलनेची परंपरा जुनी आहे. अंगोलातून जहाजाने आणलेले चिंपांझीचे एक पिल्लू लंडनमध्ये मरण पावल्यावर एडवर्ड टायसन या वैद्याने त्याचे विच्छेदन केले आणि १६९९ साली त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. माणसाशी मिळतीजुळती ४८ आणि माकडांशी मिळतीजुळती ३४ लक्षणे त्याने मोजून नोंदविली. १८६३ मध्ये टॉमस हेन्री हक्स्ली याने हीच तुलना डार्विनच्या सिद्धान्ताच्या चौकटीत बसविली. विसाव्या शतकाच्या प्रारंभी जॉर्ज नटॉल याने रक्तद्रवाच्या प्रतिक्रियांवरून प्राण्यांची नाती ताडून पाहिली, तर १९६० च्या दशकात मॉरिस गुडमन याने तीच दिशा पुढे नेत चिंपांझी व गोरिला हे ओरांगउटानपेक्षा माणसाला अधिक जवळचे असल्याचे दाखवून दिले. १९६७ मध्ये व्हिन्सेंट सॅरिच व अॅलन विल्सन यांनी प्रथिनांतील फरकांचा घड्याळासारखा उपयोग करून मानव व आफ्रिकी वानर यांची फारकत अवघ्या ५० लाख वर्षांपूर्वीची असल्याचे अनुमान काढले. हाडांच्या अवशेषांवर विसंबणाऱ्या तत्कालीन अभ्यासकांना हा आकडा फारच अलीकडचा वाटला, हे स्वाभाविकच होते.

चव्वेचाळीस प्रथिने

बर्कले येथे विल्सन यांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. करणाऱ्या किंग यांनी मानव व चिंपांझी यांची ४४ प्रथिने तुलनेसाठी घेतली. फरक शोधावयास बसावे आणि हाती साम्यच यावे, असा तो अनुभव होता. दोन्ही प्रजातींतील प्रथिनांची घडण सरासरीने ९९ टक्क्यांहून अधिक एकसारखी निघाली. दिसण्यावरून जवळजवळ ओळखू न येणाऱ्या दोन सख्ख्या प्रजातींमध्ये आढळावे, एवढेच हे अंतर होते. परंतु शरीररचना, चालण्याची ढब, मेंदूचा आकार, भाषा आणि जीवनपद्धती यांच्या आधारे त्या काळचे वर्गीकरणशास्त्र या दोहोंना दोन वेगवेगळ्या कुळांत ठेवत होते. मग प्रथिने सारखी असताना देह एवढे वेगळे कसे?

११ एप्रिल १९७५ च्या ‘सायन्स’मधील लेखात त्यांनी याचे जे उत्तर सुचविले, ते असे की उत्क्रांती दोन पातळ्यांवर चालते. एक पातळी प्रथिनांच्या घडणीची, तर दुसरी ती प्रथिने केव्हा, कोठे व किती प्रमाणात तयार व्हावीत याच्या नियमनाची. मानव व चिंपांझी यांच्यातील मोठे फरक दुसऱ्या पातळीवरील बदलांतून उद्भवले असावेत. ही कल्पना आकाशातून पडली नव्हती. फ्रान्स्वा जाकोब व जाक मोनो यांनी १९६१ मध्ये जीवाणूंतील जनुके चालू-बंद करणारी यंत्रणा उलगडली होती. १९६९ मध्ये रॉय ब्रिटन व एरिक डेव्हिडसन यांनी उच्च प्राण्यांतील नियमनाचा एक आराखडा मांडला होता. शिवाय विल्सन यांच्याच गटाने बेडकांचा अभ्यास करून, प्रथिने पुष्कळ बदलूनही देहाची ठेवण जवळपास तशीच राहते, हे उलट टोकाचे उदाहरण नोंदविले होते.

येथे एक बाब आवर्जून नमूद करावीशी वाटते. किंग व विल्सन यांच्यापाशी नियमनातील फरकाचा प्रत्यक्ष पुरावा नव्हता. प्रथिनांतील फरक अपुरे ठरतात, म्हणून कारण अन्यत्र असले पाहिजे, हा वजाबाकीचा युक्तिवाद होता. पुढील काळात तो लेख सिद्ध झालेल्या सत्याप्रमाणे उद्धृत होत गेला. एखाद्या तर्काचे वचनात रूपांतर कसे होते, याचा हा नमुना इतिहासाच्या विद्यार्थ्याला अपरिचित वाटू नये. मेरी-क्लेअर किंग या पुढे स्तनांच्या कर्करोगाच्या आनुवंशिकतेकडे वळल्या आणि १९९० मध्ये त्याच्याशी निगडित जनुकाचे स्थान १७ व्या गुणसूत्रावर असल्याचे त्यांनी दाखविले. त्यांची व्यापक ख्याती त्या कार्यामुळे आहे.

नमुन्यांचा प्रश्न

या गृहीतकाची चाचणी करावयाची तर दोन्ही प्रजातींच्या एकाच ऊतीत कोणते जनुक किती क्रियाशील आहे, हे मोजले पाहिजे. २००२ साली स्वांते पेबो यांच्या गटाने मेंदू, यकृत व रक्तपेशी यांमधील जनुकक्रियाशीलतेची तुलना प्रसिद्ध केली आणि मानवी वंशशाखेत मेंदूतील बदल विशेष वेगाने झाल्याचा निष्कर्ष काढला. त्यावर आक्षेप आले ते मोजपट्टीबद्दल. मापनासाठी वापरलेल्या चकत्या मानवी डीएनएवर बेतलेल्या होत्या. चिंपांझीचा आरएनए त्यांवर किंचित सैल बसणार आणि जनुक प्रत्यक्षात तेवढेच क्रियाशील असूनही कमी क्रियाशील भासणार. योआव गिलाड व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये अनेक प्रजातींसाठी स्वतंत्र मोजपट्टी तयार करून हा दोष किती मोठा आहे हे दाखविले. २००६ च्या त्यांच्या यकृतावरील अभ्यासात मानवी शाखेत इतर जनुकांचे नियंत्रण करणाऱ्या जनुकांची क्रियाशीलता विशेष बदललेली आढळली, आणि किंग-विल्सन गृहीतकाला प्रथमच प्रत्यक्ष मापनाचा आधार मिळाला.

दरम्यान १ सप्टेंबर २००५ रोजी चिंपांझीच्या जीनोमचा मसुदा ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. तो मुख्यतः अटलांटा येथील यर्क्स केंद्रातील क्लिंट नावाच्या नराच्या रक्तावरून तयार झाला होता. हा क्लिंट आदल्याच वर्षी, वयाच्या २४ व्या वर्षी, हृदयविकाराने मरण पावला होता. मसुद्यानुसार दोन जीनोममध्ये सुमारे साडेतीन कोटी ठिकाणी एका अक्षराचा फरक होता, म्हणजे जुळणाऱ्या भागात सुमारे १.२३ टक्के. त्याखेरीज सुमारे ५० लाख ठिकाणी लहानमोठे तुकडे गळालेले वा घुसलेले होते. परस्परसंबंधी प्रथिनांपैकी तंतोतंत एकसारखी निघाली ती २९ टक्केच. तेव्हा ‘प्रथिने सारखीच’ हे विधानही सैलपणे वापरता येणार नाही. टक्केवारी कशावर काढली, हे सांगितल्याशिवाय तिला अर्थ नसतो.

खरी अडचण मात्र वेगळीच होती. यकृत असो वा मेंदू, चिंपांझीची ऊती मिळणार ती प्राणी नैसर्गिकरीत्या मेल्यावर, आणि तीही मोजक्या प्राण्यांची. मृत्यूचे कारण, वय, आहार, मृत्यूनंतर गेलेले तास, यांपैकी प्रत्येक गोष्ट जनुकक्रियाशीलतेवर परिणाम करते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे देहाचे फरक घडतात ते गर्भावस्थेत, आणि वाढत्या चिंपांझी-गर्भाच्या ऊती अभ्यासासाठी मिळविणे नैतिकदृष्ट्या असमर्थनीय व व्यवहारतः अशक्यप्राय होते. घर कसे बांधले गेले हे समजून घ्यायचे, पण पाहायला मिळणार ते पडके घर, अशी ही स्थिती होती.

क्योटो ते शिकागो

ही कोंडी फुटली ती मानव-चिंपांझी तुलनेशी काहीही संबंध नसलेल्या एका प्रयोगातून. २००६ मध्ये क्योटो विद्यापीठातील शिन्या यामानाका व काझुतोशी ताकाहाशी यांनी २४ संभाव्य जनुके निवडली आणि त्यांतून गाळत-गाळत चारवर आणली. ही चार जनुके उंदराच्या त्वचेतील पेशींत घातली असता त्या पेशी गर्भावस्थेतील मूलपेशींसारख्या बनल्या. २००७ मध्ये मानवी पेशींबाबत हेच साधले. प्रौढ पेशीचे केंद्रक पुन्हा आरंभावस्थेत जाऊ शकते, हे जॉन गर्डन यांनी १९६२ मध्येच बेडकांत दाखविले होते. या दोघांना, म्हणजे गर्डन व यामानाका यांना, २०१२ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. अशा मूलपेशीपासून चेतापेशी, हृदयपेशी, यकृतपेशी अशा विविध पेशी बशीत वाढविता येतात. चिंपांझीच्या संदर्भात याचा अर्थ असा की, त्वचेच्या लहानशा तुकड्यापासून, प्राण्याला मोठी इजा न करता, त्याच्या विकासाच्या आरंभीच्या काही अवस्था पुन्हा पाहता येऊ लागल्या.

२०१३ मध्ये साल्क संस्थेतील फ्रेड गेज यांच्या गटाने मानव, चिंपांझी व बोनोबो यांच्या अशा मूलपेशींची तुलना केली. जीनोममध्ये उड्या मारणाऱ्या डीएनए-तुकड्यांना आवर घालणारी काही जनुके मानवी पेशींत अधिक क्रियाशील असल्याचे त्यांना आढळले. २०१५ मध्ये शिकागो विद्यापीठातील गिलाड यांच्या गटाने सात निरोगी चिंपांझींपासून तयार केलेल्या मूलपेशींचा संच प्रसिद्ध केला आणि तो इतर संशोधकांनाही वापरता यावा अशी व्यवस्था ठेवली. सात मानवी संचांशी केलेल्या या तुलनेतील निरीक्षण मार्मिक आहे. मूलपेशी बनताना एकाच प्रजातीतील व्यक्ती-व्यक्तींमधले बरेचसे फरक पुसले जातात. त्यामुळे प्रजातीअंतर्गत गोंगाट कमी होऊन प्रजाती-प्रजातींमधले बारीक फरकही स्पष्ट ऐकू येतात. त्याच वर्षी स्टॅनफर्ड येथील जोआना वायसोका यांच्या गटाने, चेहऱ्याची घडण ज्या गर्भपेशींतून होते त्या पेशी दोन्ही प्रजातींच्या मूलपेशींपासून तयार केल्या. नियमन करणाऱ्या डीएनए-भागांतील लहान बदल आणि जनुकक्रियाशीलतेतील फरक यांचा संबंध त्यांनी जोडून दाखविला. या पद्धतीला त्यांनी ‘पेशीय मानवशास्त्र’ असे नाव दिले. मानवशास्त्र हा शब्द आजवर कवट्या व चालीरीती यांच्यासाठी राखून ठेवणाऱ्या आपल्या विद्याशाखांनी हे नाव ध्यानात घेण्यासारखे आहे.

२०१५ या वर्षाचे आणखी एक महत्त्व आहे. त्या वर्षी अमेरिकेत बंदिवासातील चिंपांझींनाही संकटग्रस्त प्रजातीचे संरक्षण लागू झाले, आणि नोव्हेंबरमध्ये तेथील राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी चिंपांझींवरील शरीरवेधी संशोधनाला दिला जाणारा आधार संपुष्टात आणला. मूलपेशी आल्या म्हणून प्राणी सुटले, असे म्हणणे कालक्रमाला धरून होणार नाही. त्या निर्णयामागे २०११ च्या तज्ज्ञ अहवालापासूनची स्वतंत्र प्रक्रिया होती. तथापि प्राणी प्रयोगशाळेतून बाहेर पडत असतानाच त्याच्या पेशींना प्रयोगशाळेत जागा मिळाली, हा योगायोग अर्थपूर्ण आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

एकाच पेशीत दोन जीनोम

तरीही एक शंका उरत होती. दोन बशांमधील पेशी वेगळ्या वागल्या, तर ते जनुकाशेजारच्या डीएनएतील बदलामुळे की पेशीच्या एकूण वातावरणामुळे? का केवळ एक बशी जरा अधिक काळ वाढली म्हणून? २०२१ मध्ये स्टॅनफर्डच्याच हंटर फ्रेझर व सहकाऱ्यांनी मानव व चिंपांझी यांच्या मूलपेशी एकमेकींत मिसळवून संकर पेशी तयार केल्या. मानवाची ४६ आणि चिंपांझीची ४८, अशी एकूण ९४ गुणसूत्रे एकाच पेशीत नांदू लागली. एकाच चुलीवरचे अन्न खाणाऱ्या दोन भावंडांत फरक दिसला, तर तो अन्नाचा मानता येत नाही, तसेच हे. येथे एखाद्या जनुकाची मानवी प्रत एका प्रमाणात आणि चिंपांझीची प्रत दुसऱ्या प्रमाणात चालत असेल, तर कारण त्या प्रतीशी जोडलेल्या डीएनएतच असले पाहिजे. या पद्धतीने अस्थी व चेहरा यांच्या विकासाशी संबंधित ईव्हीसी२ या जनुकाच्या नियमनातील फरक पुढे आला.

१९२६-२७ मध्ये इल्या इव्हानोव्ह या रशियन जीवशास्त्रज्ञाने फ्रेंच गिनीमध्ये कृत्रिम रेतनाने मानव-वानर संकर घडविण्याचा प्रयत्न केला होता. तो फसला, आणि स्थानिक स्त्रियांना न सांगता त्यांच्यावरही प्रयोग करण्याचा त्याचा मानस पाहता, विज्ञानाच्या नावावरील तो एक कलंकच होय. बशीतील संकर पेशी कधीही प्राणी होत नाहीत. तरी त्यांचा इतिहास लिहिताना इव्हानोव्हचे नाव गाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

गृहीतकाचे काय झाले?

किंग व विल्सन बरोबर होते काय, या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही. नियमनातील फरक मुबलक आहेत, हे आता निःसंशय. परंतु मुबलक म्हणजे महत्त्वाचे नव्हे. मिशेल वॉर्ड व गिलाड यांनी २०१९ मध्ये दोन्ही प्रजातींच्या हृदयपेशींना प्राणवायूची टंचाई भासवली, तेव्हा प्रतिसादाचा बहुतांश भाग सारखाच निघाला. वास्तविक माणसाचे हृदय रक्तवाहिन्या चोंदून, तर चिंपांझीचे हृदय स्नायूंत तंतू वाढून आजारी पडते. दुसरीकडे, केवळ मानवी शाखेत दुणावलेली काही जनुके मेंदूच्या वाढीत भाग घेतात, असे २०१५ नंतरच्या अभ्यासांतून दिसले आहे. म्हणजे नियमन विरुद्ध प्रथिने ही विभागणीच १९७५ इतकी स्वच्छ राहिलेली नाही. विल्सन यांचे १९९१ मध्ये निधन झाल्याने त्यांना यांतील काहीच पाहता आले नाही.

पद्धतीची एक अडचण तर रोजचीच आहे. मानवी चेतापेशी चिंपांझीच्या चेतापेशींपेक्षा सावकाश परिपक्व होतात. मग तिसाव्या दिवसाच्या मानवी पेशीची तुलना तिसाव्या दिवसाच्या चिंपांझी पेशीशी करावी, की तेवढ्याच परिपक्व झालेल्या, म्हणजे कदाचित विसाव्या दिवसाच्या पेशीशी? पहिली निवड केली तर वेगाचा फरक नियमनाचा फरक म्हणून मोजला जातो, आणि दुसरी केली तर जो वेग स्वतःच मानवाचे वैशिष्ट्य असू शकेल, तोच तुलनेतून वगळला जातो. दोन संस्कृतींची तुलना करताना कालगणना कोणाची धरायची, हा आपल्या विद्याशाखेतील जुना वाद या बशीतही उपस्थित आहे.