घरामागच्या गॅरेजातली ऑस्टिन

इंग्लंडातली एक मोटार चक्क बिलियर्डच्या खोलीत जन्माला आली! हर्बर्ट ऑस्टिन हे तिचे जनक. १९२१ साली त्यांची कंपनी कर्जात बुडालेली, वर रिसीव्हर नेमलेला, आणि लहान गाडी काढायची म्हटलं की संचालक मंडळ नाक मुरडणार. मग त्यांनी स्टॅन्ली एज नावाच्या अवघ्या अठरा वर्षांच्या ड्राफ्ट्समनला कारखान्यातून उचललं, बर्मिंगहॅमजवळच्या आपल्या घरी बसवलं आणि तिथल्या बिलियर्डच्या खोलीत गाडीचे नकाशे काढून घेतले. १९२२ मध्ये 'ऑस्टिन सेव्हन' बाहेर पडली आणि १९३९ पर्यंत तशा सुमारे २,९०,००० गाड्या निघाल्या.

मी आयुष्यभर हातात खडू धरला, पाना नाही. तरीही या गाडीच्या गोष्टीने मला बरेच दिवस धरून ठेवलं आहे. कारण ही गाडी विकत घेणाऱ्यांपेक्षा ती खोलणाऱ्यांनी जास्त गाजवली.

गाडी होतीच तशी साधी. इंग्रजीतल्या पहिल्या अक्षराच्या आकाराची चौकट, पुढे एक आडवा पाटा, मागे दोन आखूड पाटे आणि ७४७ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन. क्रँकशाफ्ट दोनच बेअरिंगवर टेकलेला, त्यामुळे इंजिन जोरात फिरवलं की तो मधोमध लवायचा. ब्रेक तर नावालाच! पण एकट्यादुकट्या माणसाला घरी उघडता येईल, समजून घेता येईल अशी ती होती. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडात नवी गाडी मिळणं दुरापास्त होतं आणि जुन्या ऑस्टिन स्वस्त होत्या. तरुण पोरं वरची बॉडी काढून टाकायची, त्या जागी प्लायवुडची किंवा ॲल्युमिनियमच्या पत्र्याची हलकी बॉडी चढवायची, इंजिनात खटपटी करायची आणि रविवारी शर्यतीला जायची. अशा घरगुती गाडीला तिकडे 'स्पेशल' म्हणत.

कॉलिन चॅपमन हा त्यातलाच एक. लंडनला स्थापत्य अभियांत्रिकी शिकता शिकता तो जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करायचा. १९४७ साली सरकारने पेट्रोलचं साधं रेशन बंद केलं, धंदा बसला, आणि एक जुनी ऑस्टिन सेव्हन न विकता अंगावर पडली. मैत्रिणीच्या आईवडिलांच्या घरामागच्या गॅरेजात त्याने तिला नवं रूप दिलं आणि १९४८ मध्ये तिची नोंद 'लोटस' या नावाने केली. पुढे लोटसच्या गाड्यांनी जगभर शर्यती जिंकल्या. या चॅपमनची १९५१ ची युक्ती मला फार आवडते. ऑस्टिनच्या इंजिनात दोन-दोन सिलिंडरांना मिळून हवा-पेट्रोलची एकच वाट असते. याने त्या वाटेत मधोमध पडदी घातली आणि प्रत्येक सिलिंडरला आपला वाटा वेगळा मिळेल अशी सोय केली. गाडी इतकी पळू लागली की इतरांनी कुरकुर केली आणि शेवटी नियमच बदलावा लागला!

पण माझं मन जास्त रमतं ते न्यूझीलंडमधल्या दुसऱ्या एका ऑस्टिनपाशी. ऑकलंडच्या रेम्यूएरा भागात लेस मॅकलारेन यांचा पेट्रोलपंप आणि गॅरेज होतं, कुटुंब वरच्याच मजल्यावर राहायचं. मुलगा ब्रूस, जन्म १९३७ चा. नवव्या वर्षी त्याच्या खुब्याच्या सांध्याला विकार जडला आणि दोनएक वर्षं त्याला लहान मुलांच्या एका आरोग्यधामात, चाकांच्या चौकटीवर झोपवून ठेवलं. बरा झाला, पण एक पाय आखूड राहिला तो राहिलाच. मैदानी खेळ संपले. पुढे वडिलांनी १९२९ ची एक 'ऑस्टिन सेव्हन अल्स्टर' सुट्या भागांच्या स्वरूपात विकत घेतली. ही सेव्हनचीच खास शर्यतीसाठी केलेली, जमिनीलगत बसणारी आवृत्ती. जोडायची, चालती करायची आणि चार पैसे मिळवून विकायची, असा साधा हिशेब. पोराने ती ठेवून घ्यायचा हट्ट धरला. मग बापलेकांनी मिळून ती उभी केली.

पुढचा भाग माझ्यातल्या मास्तराला भावतो. वडील आजारपणात रुग्णालयात असताना ब्रूसने इंजिनाचं हेड स्वतःच हातात घेतलं. आतल्या पोकळीत कांसं भरलं आणि आपल्याला हवा तसा आकार घासून-कोरून काढला. १९५२ मध्ये मुरिवाई इथल्या चढाच्या शर्यतीत तो ही गाडी घेऊन उतरला. आमच्याकडे शाळेत 'कार्यानुभव' नावाचा विषय असायचा, कागदी पाकिटं चिकटवली की गुण मिळायचे... असो. या मुलाने १९५९ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, अमेरिकेतली ग्रां प्री जिंकली, १९६३ मध्ये स्वतःचा संघ काढला आणि १९६८ मध्ये स्वतःच्या नावाच्या गाडीतून बेल्जियमची शर्यत मारली. १९७० च्या जूनमध्ये इंग्लंडात नव्या गाडीची चाचणी घेताना तो गेला, तेव्हा तेहतिशीही पुरी झाली नव्हती.

आता वाद असा आहे. जुन्या गाड्यांच्या शौकिनांत दोन टोकं दिसतात. एकाला सगळं कारखान्यातून निघालं तसंच हवं, स्क्रूसुद्धा त्याच सालचा. दुसरा, कोणीतरी वर्षानुवर्षं सांभाळलेली चांगली धडधाकट बंद ऑस्टिन मोडतो आणि तिच्या चौकटीवर अल्स्टरची नक्कल उभी करतो, कारण तिला भाव जास्त. मला दोन्ही पटत नाहीत. पहिल्याच्या हाती ब्रूसचं ते कांसं भरलेलं हेड पडलं असतं तर त्याने ते काढून टाकून मूळचं बसवलं असतं. म्हणजे विद्यार्थ्याची कच्ची वही रद्दीत टाकून पक्की वही जपायची! विचार कुठे अडला, कुठे खोडलं, कुठे सुचलं, हे सगळं कच्च्या वहीत असतं. आणि दुसरा तर भलत्याच मुलाची वही फाडून त्यावर ब्रूसचं नाव घालतो.

ब्रूसची अल्स्टर सुदैवाने वाचली. इंग्लंडात वोकिंगला मॅकलारेन कंपनीचं मुख्यालय झालं, तिथे अब्जावधींच्या यंत्रांच्या शेजारी ती मांडण्यात आली. चॅपमनच्या पहिल्या लोटसचं नशीब तसं नव्हतं. १९५० मध्ये त्याने ती विकली आणि त्यानंतर तिचा पत्ता लागलेला नाही. मोडीत गेली की कोणी तिला पुन्हा साधी ऑस्टिन करून टाकली, कोण जाणे. लोटसच्या चाहत्यांनी तिच्यासाठी आवाहनंही केली आहेत. तिचा नंबर होता ओएक्स ९२९२.