खान्देशातील धरणांवरील हिवाळी मासेमारी

पावसाळा सरून तापी, गिरणा व पांझरेचे गढूळ पाणी निवळू लागले की खान्देशातील धरणांवर मासेमारीचा नवा हंगाम सुरू होतो. हा हंगाम वरकरणी फसवा असतो. जलाशय काठोकाठ भरलेला असतो, तरी जाळ्यात येणारा मासा मात्र कमी असतो. थंडीच्या या चार महिन्यांत मच्छीमाराच्या हाती फारसे लागत नाही. परंतु पुढच्या उन्हाळ्यात काय लागणार, हे याच काळात ठरते.

प्रमुख जलाशय

जळगाव जिल्ह्यातील मासेमारीचे मोठे केंद्र म्हणजे भुसावळ तालुक्यातील हतनूर धरण. तापी नदीवरील हे धरण १९८२ मध्ये पूर्ण झाले. त्याला ४१ दरवाजे असून मूळ संकल्पित एकूण साठा ३८८ दशलक्ष घनमीटर आहे. तापी व पूर्णा यांचा चांगदेव येथील संगम धरणाच्या वरच्या बाजूस येतो. दोन्ही नद्यांनी वाहून आणलेला गाळ साचत गेल्याने जलाशयाचा मोठा भाग उथळ झाला आहे. वाघूर धरण हे जिल्ह्यातील दुसरे महत्त्वाचे जलक्षेत्र होय. जळगाव जिल्ह्याच्या सिंचनाचा आधार असलेले गिरणा धरण नाशिक जिल्ह्यातील नांदगाव तालुक्यात आहे. १९६९ मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाचा उपयुक्त साठा सुमारे साडेअठरा टीएमसी आहे.

धुळे जिल्ह्यात शिरपूर तालुक्यातील अनेर, साक्री तालुक्यातील मालनगाव व अक्कलपाडा ही धरणे आणि शिंदखेडा तालुक्यातील तापीवरचा सुलवाडे बॅरेज येथे मासेमारी चालते. १९९८ मध्ये धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर तालुक्यापर्यंत गुजरातमधील उकाई धरणाचे फुगवट्याचे पाणी पोहोचते. तेथील अनेक आदिवासी कुटुंबे या पाण्यावर अवलंबून आहेत.

थंडीत मासा कुठे जातो?

कटला, रोहू व मृगळ हे खान्देशातील जलाशयांचे मुख्य मासे. कटला पाण्याच्या वरच्या थरात, रोहू मधल्या थरात, तर मृगळ तळाशी चरतो. पाण्याचे तापमान साधारण २५ ते ३० अंश सेल्सिअस असताना हे मासे भरपूर खातात व झपाट्याने वाढतात. तापमान २० अंशांखाली गेले की त्यांची भूक मंदावते, हालचाल कमी होते आणि वाढ खुंटते. धुळे व जळगाव परिसरात डिसेंबर-जानेवारीत हवेचे किमान तापमान अनेकदा दहा अंशांखाली उतरते. रात्री पाण्याचा पृष्ठभाग थंडावतो आणि मासे खोल, तुलनेने उबदार पाण्याचा आश्रय घेतात. दुपारी उन्हाने काठ तापल्यावर त्यांतील काही पुन्हा उथळ भागाकडे वळतात.

मासेमारीच्या वेळाही त्यानुसार ठरतात. भोई, भिल्ल व कोळी समाजातील मच्छीमार होडी, थर्माकोलचा तराफा किंवा हवा भरलेली ट्यूब घेऊन सायंकाळी पाण्यात उतरतात, जाळी लावतात आणि पहाटे काढतात. हिवाळ्यात पाणी नितळ असल्याने माशाला जाळे दिसते. त्यामुळे चांदण्या रात्रीपेक्षा अंधाऱ्या पंधरवड्यात मासा अधिक मिळतो. नुसते पाण्यावर तरंगणारे जाळे या दिवसांत पुरत नाही. ते वजने बांधून खोल सोडावे लागते. गळ टाकणारे मात्र दुपारची वेळ साधतात. मरळ, वाम, शिवडा व शिंगाडा हे स्थानिक मासे कमी संख्येने मिळत असले तरी त्यांना चांगला भाव येतो.

बीज बाहेरून का आणावे लागते?

कटला, रोहू व मृगळ यांची वीण पावसाळ्यात, पुराच्या वाहत्या पाण्यात होते. धरणाच्या साचलेल्या पाण्यात ती पुरेशी होत नाही. त्यामुळे दरवर्षी बाहेरून बीज आणून सोडणे भाग पडते. १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ओडिशातील अंगुल येथे पियूष ग्रंथीचा अर्क टोचून या माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले. तेव्हापासून नदीतून बीज गोळा करण्यावरचे अवलंबित्व कमी होत गेले. त्या घटनेच्या स्मरणार्थ १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो.

ही अडचण केवळ भारतापुरती नाही. अमेरिकेत हिवाळ्यात मोठ्या तलावांवर ज्या पट्टेरी बास माशाची हौशी मासेमारी चालते, तो मुळात समुद्रातून नदीत येऊन वीण करणारा मासा आहे. १९४० च्या दशकाच्या आरंभी दक्षिण कॅरोलिनातील सँटी व कूपर नद्यांवरील धरणप्रकल्पात तो अडकला आणि तेथेच रुजला. त्याची अंडी वाहत्या पाण्यात तरंगत राहिली तरच जगतात. म्हणून तेथील बहुतेक तलावांतही त्याचे बीज सोडावे लागते.

हिवाळ्याचे खरे महत्त्व

पाण्यात सोडण्याच्या बीजाच्या तीन अवस्था मानल्या जातात. नुकतेच जन्मलेले ते मत्स्यजिरे, थोडे वाढलेले ते मत्स्यबीज आणि बोटाएवढे झालेले ते बोटुकली. मोठ्या जलाशयात शिकारी मासे असल्याने किमान दहा सेंटिमीटर लांबीची बोटुकलीच सोडावी, असे मत्स्यशास्त्र सांगते. पुरात दरवाजे उघडले की पिल्ले विसर्गाबरोबर खाली वाहून जातात. हतनूरसारख्या धरणात हा धोका मोठा आहे. म्हणून मोठा पूर ओसरल्यावर बोटुकली सोडणे श्रेयस्कर ठरते.

पावसाळ्याअखेर सोडलेली ही बोटुकली थंडीत जेमतेम पाव-अर्धा किलोची झालेली असते. मोठा मासा खोल पाण्यात गेलेला, घरखर्च चालूच. अशा वेळी लहान आसाचे, म्हणजे बारीक छिद्रांचे जाळे लावण्याचा मोह होतो. त्या जाळ्यात बोटुकली सापडते व किरकोळ भावात विकली जाते. तोच मासा उन्हाळ्यापर्यंत राहिला, तर एक किलोच्या पुढे जाऊ शकतो. रब्बीसाठी आवर्तने सुटून एप्रिल-मेमध्ये पाणी आटते, मासा थोड्या जागेत एकवटतो आणि पकडणे सोपे होते. हिवाळ्यात ज्यांनी बारीक जाळे लावले, त्यांच्या वाट्याला तेव्हा चिलापीच उरते. १९५२ मध्ये भारतात आणलेला हा मासा साचलेल्या पाण्यातही वर्षातून अनेकदा वीण करतो आणि मुख्य माशांच्या खाद्यात वाटेकरी होतो.

बाजाराचाही विचार आवश्यक आहे. मार्गशीर्षात अनेक घरांत मांसाहार वर्ज्य असतो. वारकरी व महानुभाव पंथाचा प्रभाव असलेल्या गावांत एरवीही मागणी मर्यादित असते. त्यातच आंध्र प्रदेशातून बर्फात येणारा मासा बाजारात असतो. मागणी मंद असताना लहान मासा काढून विकणे दुहेरी तोट्याचे ठरते.

कायदा व संस्था

धरणांतील मासेमारीचा ठेका मत्स्यव्यवसाय विभागामार्फत प्रामुख्याने मच्छीमार सहकारी संस्थांना दिला जातो. स्फोटके किंवा विष वापरून मासे मारण्यास १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यानेच बंदी घातली होती. महाराष्ट्रात १९६० चा मत्स्यव्यवसाय अधिनियमही आहे. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषी क्षेत्राच्या समकक्ष दर्जा देण्याचा निर्णय घेतला. तथापि, कोणत्या आसाचे जाळे पाण्यात उतरते यावर प्रत्यक्ष लक्ष संस्थेच्या सभासदांनाच ठेवावे लागते.

हतनूर हे महत्त्वाचे पक्षीक्षेत्र म्हणूनही ओळखले जाते. हिवाळ्यात येथे चक्रवाक, थापट्या आदी स्थलांतरित बदके उतरतात. तुटून पाण्यात राहिलेली नायलॉनची जाळी मासे व पक्षी दोघांनाही घातक ठरतात. ती बाहेर काढणे, उथळ भागात बारीक जाळे न लावणे आणि अर्धा किलोखालील कटला-रोहू जिवंत असतानाच परत सोडणे, या तीन गोष्टी पाळल्या तर उन्हाळ्यातील उत्पन्नाची मोठी हमी मिळते. त्यासाठी वेगळा खर्चही लागत नाही.