घरी परतणे हा पराभव नव्हे : १९१७ चा बडोदा आणि आजचा आपला तरुण

शहरात चार-पाच वर्षे काढून, पदवी घेऊन मुलगा किंवा मुलगी पुन्हा आईवडिलांच्या घरी राहायला आली, की वस्तीत एक वाक्य हमखास ऐकू येते : "एवढं शिकून काय दिवे लावले?" हे वाक्य बोलणारे परके नसतात. आपलेच काका, आपलीच आत्या, कधी आपलेच कार्यकर्ते असतात. या टोमण्यामागे एक समज आहे : घराबाहेर पडला तो जिंकला, घरी परतला तो हरला. ही समज आम्हाला मान्य नाही, कारण आपला इतिहास तिच्या विरोधात उभा आहे.

१९१७ साल घ्या. बाबासाहेब तेव्हा २६ वर्षांचे होते. कोलंबिया विद्यापीठाची एम.ए. पदवी मिळालेली, लंडनचे शिक्षण शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे अर्धवट राहिलेले. करारानुसार बडोदा संस्थानात नोकरी करणे भाग होते, म्हणून ते बडोद्याला गेले. नोकरी होती, राहायला जागा नव्हती. कोणतीही हिंदू खानावळ घेणार नव्हती. शेवटी पारशी नाव सांगून एका पारशी धर्मशाळेत राहावे लागले. कचेरीत शिपाईसुद्धा फायली लांबून टाकत. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा हुकूम देऊन गेला. एका हिंदू मित्राला विचारले, तर तो म्हणाला, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. एका ख्रिश्चन मित्राने बायकोला विचारावे लागेल असे सांगून टाळले. बाबासाहेब कामाठी बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला निघाले. यातले बहुतेक त्यांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात लिहून ठेवले आहे.

आता प्रश्न असा : बडोद्यात नापास कोण झाले? बाबासाहेबांची पदवी, की ते शहर? उच्चशिक्षित तरुणाला एक खोली देऊ न शकणारे शहर नापास झाले. तरीही आजच्या भाषेत बोलायचे, तर तो तरुण 'नोकरी सोडून घरी आला' असेच म्हटले गेले असते.

ते परतले परळला. सुभेदार रामजी १९१३ मध्येच गेले होते, पण मुंबईतले बिऱ्हाड त्यांनीच थाटलेले होते. इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीतल्या दोन खोल्या आणि त्यात अख्खे कुटुंब. तिथे राहून बाबासाहेबांनी शिकवण्या केल्या. गुंतवणुकीचा सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला, पण सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक यायचे थांबले. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात ४५० रुपये पगाराची प्राध्यापकी मिळाली. त्यानंतरही ते त्या दोन खोल्यांतच राहिले, कारण लंडनचे शिक्षण पुरे करण्यासाठी पैसा साठवायचा होता. जानेवारी १९१९ मध्ये साऊथबरो समितीपुढे साक्ष, ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक', मार्चमध्ये माणगाव परिषद आणि जुलैमध्ये पुन्हा लंडन. तीन वर्षांहूनही कमी काळातले हे सारे काम त्या घराच्या आधारावर झाले.

पण घराचा गौरव करताना त्याची किंमत कोणी मोजली हे विसरता येणार नाही. ती माता रमाईंनी मोजली. पगार आला तरी काटकसर संपली नाही. आजही मुलगा परततो तेव्हा त्याच्या ताटातली भाकरी बहुतेक वेळा आईच्या धुणीभांड्यांतून किंवा सफाईच्या कामातून येते. म्हणून परतलेल्या तरुणाने "मी अभ्यास करतोय" म्हणून घरकामापासून हात झटकू नयेत. आणि मुलगी परतली, तर तिचा प्रश्न आणखी बिकट होतो. मुलाला विचारतात "नोकरीचं काय?", मुलीला विचारतात "स्थळं बघायची का?" पुस्तके मिटायला लावणारे घर हे रमाईंच्या वारशाचे घर नव्हे.

शंभर वर्षांत किती बदलले? पुण्यात स्पर्धा परीक्षेसाठी आलेली आपली मुले कॉट बेसिसवर राहतात. मार्च २०२० ला टाळेबंदी लागली आणि ती गावी परतली. परीक्षा वारंवार पुढे गेल्या. १४ मार्च २०२१ ची राज्यसेवा पूर्वपरीक्षा तर तीन दिवस आधी पुढे ढकलली गेली. मुले पुण्याच्या रस्त्यावर उतरली, तेव्हा २१ मार्चला ती झाली. कॉटचे भाडे, मेसचे पैसे आणि हातातून चाललेले वय यांचा हिशेब कोणी केला? अमेरिकेत जुलै २०२० मध्ये १८ ते २९ वयाचे निम्म्याहून अधिक तरुण आईवडिलांकडे राहत होते. तिथे त्याला आर्थिक संकट म्हटले गेले. आपल्याकडे त्याला मुलाचा नाकर्तेपणा म्हणतात.

ज्यांचे घर खेड्यात आहे, त्यांच्यासाठी परतणे म्हणजे गावकुसाबाहेरच्या वस्तीत परतणे. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याच्या उदात्तीकरणावर प्रहार केला तो उगाच नव्हे. आणि शहरात घरमालक आजही आधी आडनाव विचारतो, मग "जेवण व्हेज की नॉनव्हेज" विचारतो, मग म्हणतो "खोली कालच गेली." १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यानुसार अस्पृश्यतेच्या कारणावरून राहत्या जागेस आडकाठी करणे हा गुन्हा आहे. पण "खोली कालच गेली" हे वाक्य कायद्याच्या हाती लागत नाही. बडोद्याच्या काठ्या गेल्या, त्यांच्या जागी गोड शब्द आले.

तेव्हा मित्रहो, टोमणे बंद करून आपण तीन गोष्टी केल्या पाहिजेत. पहिली, विहाराचे दार फक्त पौर्णिमेला नव्हे, रोज रात्रीपर्यंत अभ्यासासाठी उघडे ठेवा. दहा बाय दहाच्या खोलीत टीव्ही, स्वयंपाक आणि अभ्यास एकत्र होत नाही. दुसरी, शासनाकडे ठोस मागणी करा. शासकीय वसतिगृह आणि स्वाधार योजना या शिकणाऱ्यांसाठी आहेत. पदवीचा निकाल लागला की कॉट जाते, आणि खरी गरज तेव्हाच सुरू होते. नोकरी शोधणाऱ्या आणि नुकत्याच नोकरीला लागलेल्या तरुण-तरुणींसाठी शहरांत वसतिगृहे हवीत. जानेवारी १९२५ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेने तुटपुंज्या साधनांवर सोलापुरात वसतिगृह उघडले. मग आजच्या सरकारला काय अडचण आहे? तिसरी, खोली नाकारल्याचा अनुभव आला की तारीख, वेळ आणि संभाषण लिहून ठेवा. बाबासाहेबांनी बडोदा लिहून ठेवले, म्हणूनच आज आपण जाब विचारू शकतो.

आईवडिलांच्या घरी परतलेल्या भावांनो आणि बहिणींनो, मान खाली घालू नका. तुम्ही का परतलात याचे उत्तर व्यवस्थेने द्यायचे आहे. परतून काय करणार, याचे उत्तर मात्र तुम्हाला आणि आम्हाला मिळून द्यायचे आहे.

जय भीम!