मुनिरक्यातल्या दोन निवडणुका

दक्षिण दिल्लीतले मुनिरका हे टोकस गोत्राच्या जाटांचे जुने गाव. स्वातंत्र्यानंतर रामकृष्णपुरमची सरकारी वसाहत आणि जवाहरलाल नेहरू विद्यापीठ (जेएनयू) यांसाठी त्याची शेते संपादित झाली. हाती राहिली ती लाल डोऱ्याच्या आतली गावठाणाची जागा. शेती गेल्यावर गावाने मजल्यांवर मजले चढवले आणि भाडे हेच पीक झाले. आज त्या अरुंद गल्ल्यांत विद्यार्थी, ईशान्येकडची तरुण मंडळी आणि बिहार-उत्तर प्रदेशातून आलेले कामगार राहतात. पण त्यांतल्या बहुतेकांचे नाव गावाकडच्या मतदारयादीत असते. त्यामुळे मुनिरक्यात राहणारा आणि मुनिरक्यात मत देणारा हे दोन वेगळे समाज झाले आहेत. रस्त्यापलीकडे विद्यापीठात मात्र प्रत्येक विद्यार्थी मतदार असतो. पुढारी आणि मतदार यांच्या स्वभावात अंतर का पडते, याचा शोध घ्यायला ही हाकेच्या अंतरावरची दोन ठिकाणे पुरेशी आहेत. माझे म्हणणे असे, की पुढाऱ्याचा स्वभाव निवडणुकीची रीत ठरवते आणि त्याची मूल्ये उमेदवारी देणारा ठरवतो.

इटलीत काप्रारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राजकारणी आणि मतदार यांच्या स्वभावांची तुलना केली. ती २००३मध्ये प्रसिद्ध झाली. राजकारणी मतदारांपेक्षा अधिक उत्साही, अधिक मिळूनमिसळून वागणारे आणि स्वतःची चांगली बाजू पुढे करणारे दिसले. कोणता स्वभाव पुढे येईल हे रिंगणावर अवलंबून असते, हे जेएनयूत फार स्पष्ट दिसते. तिथली निवडणूक विद्यार्थ्यांचाच निवडणूक आयोग घेतो. हाताने रंगवलेली पोस्टरे, जेवणाच्या वेळी मेसमध्ये होणारी भाषणे आणि मतदानाआधी विद्यार्थी संघाच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारांची रात्री उशिरापर्यंत चालणारी जाहीर चर्चा, हा तिचा गाभा. पैसा तिथे फारसा चालत नाही. वाचलेला, न डगमगता बोलणारा, विरोधकाच्या प्रश्नाला जागेवर उत्तर देणारा टिकतो. प्रकाश करात, देवीप्रसाद त्रिपाठी आणि सीताराम येचुरी हे या चाळणीतून आलेले अध्यक्ष. १९७७मध्ये येचुरींनी इंदिरा गांधींसमोर उभे राहून त्यांनी कुलपतिपद सोडावे अशी मागणी करणारे निवेदन वाचले. तिथले मतदार नेत्याकडून जी धिटाई अपेक्षित धरत, ती हीच.

त्रिपाठींची वाटचाल तर मराठी वाचकाने मुद्दाम पाहावी अशी. आणीबाणीत तुरुंगात गेलेला हा डावा विद्यार्थी नेता पुढे काँग्रेसमध्ये गेला, मग राष्ट्रवादीत, आणि २०१२ ते २०१८ महाराष्ट्राचा राज्यसभा सदस्य होता. वक्तृत्व आणि व्यासंग शेवटपर्यंत तसेच राहिले, पक्ष मात्र बदलत गेले. २०१५चे अध्यक्ष कन्हैया कुमार डाव्या संघटनेचे. २०२१मध्ये काँग्रेसमध्ये आले. यात संधिसाधूपणा पाहणारे आहेत, पण तेवढ्याने उलगडा होत नाही. कॅम्पसवर उमेदवाराची मूल्ये मतदारांच्या मूल्यांजवळ ठेवणारे मतदारच होते. बाहेर तिकीट पक्षाच्या हाती गेले आणि तो धागा सैल झाला. बोलण्याचे कसब मात्र तिकिटाबरोबर बदलत नाही.

गावात चाळणी वेगळी. इथे जाहीर वादविवादाची प्रथा नाही. ओळख, गोत्र, घराची पत आणि अडचणीला धावून येणे यांवर वॉर्ड जिंकला जातो. प्रमिला टोकस आधी नगरसेविका झाल्या, मग २०१५मध्ये आम आदमी पक्षाच्या आमदार. यावर आक्षेप येईल, की मुनिरका ज्यात येते त्या रामकृष्णपुरम मतदारसंघाने २०१३मध्ये भाजपचे अनिल शर्मा निवडले, आम आदमी पक्षाच्या शाझिया इल्मी अवघ्या ३२६ मतांनी हरल्या, आणि २०२५मध्ये शर्मा पुन्हा जिंकले. मग गोत्र कुठे राहिले? आक्षेप खरा आहे, पण तो माझ्या बाजूने जातो. विधानसभेच्या मतदारसंघात सरकारी वसाहतींतले नोकरदारही आहेत. मतदार बदलला की चाळणीही बदलते. दुसरा आक्षेप अधिक अवघड: बोलका माणूसच मुळात निवडणुकीला उभा राहतो, रीत त्याला घडवत नाही. हे काही अंशी मान्यच केले पाहिजे, कारण इटलीतल्या अभ्यासातही राजकारणात आल्यानंतरच माणसे मोजली गेली. पण बोलके तर गावातही असतील. तिथे त्यांच्या बोलण्याला मोल मिळत नाही, एवढा फरक रीतीने पडतोच.

रीतीचा हा प्रश्न महाराष्ट्राचाही आहे. महाराष्ट्राने १९९४च्या विद्यापीठ कायद्याने थेट विद्यार्थी निवडणुका बंद करून गुणांवरून प्रतिनिधी नेमणे पत्करले. कॅम्पसवरची हिंसा हे त्यामागचे कारण खोटे नव्हते. विद्यार्थी निवडणुकांसाठी नेमलेल्या लिंगडोह समितीने २००६मध्ये प्रति उमेदवार ५,००० रुपये खर्चाची मर्यादा सुचवून दुसरा मार्ग दाखवला. त्या नियमांवरून जेएनयूतली निवडणूकही २००८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने थांबवली होती, पण २०१२मध्ये ती पुन्हा सुरू झाली. गुणपत्रिका पाहून निवडलेल्या मुलाला मतदाराला उत्तर देण्याची वेळच येत नाही. महाराष्ट्राच्या २०१६च्या विद्यापीठ कायद्यात थेट निवडणुकांची तरतूद आहे. सरकारने आणि विद्यापीठांनी ती जाहीर चर्चेसह अमलात आणावी.