परंगीपेट्टईचे केंद्र

* परंगीपेट्टई, म्हणजे जुन्या कागदपत्रांतले पोर्टो नोव्हो. तमिळनाडूत वेल्लार नदी बंगालच्या उपसागराला मिळते, तिथले हे गाव. लेखक ज्याला नुसते ‘स्टेशन’ म्हणतो, ते अण्णामलाई विद्यापीठाचे सागरी जीवशास्त्राचे केंद्र. नदीमुख, पिचावरमची खारफुटी आणि खुला समुद्र एकमेकांजवळ असल्याने भरती-ओहोटीबरोबर पाण्याचा खारेपणा आणि त्यातले जीव कसे बदलतात, हे विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष पाहता येते. असे ठिकाण मिळणे भाग्याचेच. २००४च्या त्सुनामीनंतर इथल्या के. कथिरेसन यांनी सहकाऱ्यासह किनाऱ्यावरच्या १८ वस्त्यांची पाहणी करून खारफुटीमागे हानी कमी झाल्याचे मांडले. त्यावर इतर अभ्यासकांनी आक्षेप घेतला की, हा फरक जमिनीची उंची आणि समुद्रापासूनचे अंतर यांमुळेही पडू शकतो. खारफुटीमुळे मिळणाऱ्या संरक्षणाबद्दलचे लेखकाचे ठाम विधान वाचकाने हा वाद लक्षात घेऊनच वाचावे. — संपादक