भारत–श्रीलंका मुक्त व्यापार करार (१९९८) : आर्थिक सहकार्याचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

भारताचे पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी आणि श्रीलंकेच्या राष्ट्राध्यक्षा चंद्रिका कुमारतुंगा यांनी २८ डिसेंबर १९९८ रोजी नवी दिल्ली येथे मुक्त व्यापार करारावर स्वाक्षऱ्या केल्या. १ मार्च २००० पासून तो अमलात आला. या कराराने उभय देशांतील आर्थिक सहकार्य कितपत दृढ झाले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पार्श्वभूमी

१९८७ चा शांतता करार, भारतीय शांतिसेनेची १९९० मधील माघार आणि १९९१ मधील राजीव गांधी यांची हत्या या घटनांमुळे उभय देशांच्या संबंधांत दुरावा आला होता. सार्क देशांची प्राधान्य व्यापार व्यवस्था १९९५ मध्ये सुरू झाली, परंतु तिची गती अत्यंत मंद होती. लहान शेजाऱ्यांकडून समान परतफेडीची अपेक्षा न ठेवण्याचे गुजराल धोरण १९९६ पासून पुढे आले. द्विपक्षीय कराराला अनुकूल भूमिका अशी तयार झाली.

कराराचे स्वरूप

कराराचे प्रमुख वैशिष्ट्य म्हणजे त्यातील हेतुपुरस्सर असमानता. सवलतीतून वगळलेल्या वस्तूंच्या भारताच्या यादीत ४२९, तर श्रीलंकेच्या यादीत ११८० वस्तू होत्या. शुल्क टप्प्याटप्प्याने संपविण्यासाठी भारताने ३ वर्षांची, तर श्रीलंकेने ८ वर्षांची मुदत घेतली. निर्यातदार देशात किमान ३५ टक्के मूल्यवर्धन होणे आवश्यक होते. श्रीलंकेच्या उत्पादकाने भारतीय कच्चा माल वापरल्यास स्थानिक मूल्यवर्धनाची अट २५ टक्क्यांपर्यंत शिथिल होत असे.

तथापि, जेथे श्रीलंकेचे खरे सामर्थ्य होते, तेथेच भारताने हात आखडता घेतला. सवलतीच्या दराने येणाऱ्या चहावर वार्षिक १.५ कोटी किलोची मर्यादा होती. तयार कपड्यांची मर्यादा ८० लाख नग होती व त्यांपैकी ६० लाख नग भारतीय कापडाचे असणे बंधनकारक होते. शिवाय चहा कोची व कोलकाता, तर कपडे मुंबई व चेन्नई या बंदरांतूनच आणावयाचे होते. परिणामी चहाच्या कोट्याचा अत्यल्प वापर झाला. पुढे ही बंधने सैल करण्यात आली.

परिणाम

श्रीलंकेची भारतातील निर्यात २००० मधील सुमारे ५.५ कोटी डॉलरवरून २००५ मध्ये ५५ कोटी डॉलरच्या आसपास पोहोचली. ही वाढ निःसंशय लक्षणीय होती. परंतु तिचा सुमारे निम्मा भार वनस्पती तूप आणि तांबे या दोनच वस्तूंवर होता. पामतेलावरील भारतीय आयातशुल्क चढे होते, श्रीलंकेत ते कमी होते. तेथे तेल आणून त्याचे वनस्पती तूप करावयाचे आणि ते शुल्कमुक्त भारतात पाठवावयाचे, असा हा व्यवहार होता. त्यात भारतीय उद्योजकांचेही भांडवल होते. देशी उत्पादकांच्या तक्रारींनंतर भारताने वनस्पती तुपावर वार्षिक २.५ लाख टनांची मर्यादा घातली. २००८ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरील शुल्कच भारताने रद्द केले, तेव्हा या उद्योगाचा पायाच नाहीसा झाला. शुल्कातील तफावतीवर उभे राहिलेले कारखाने तफावतीबरोबरच मावळले.

सेवा व गुंतवणूक यांचा समावेश असलेल्या व्यापक करारावर ऑगस्ट २००८ मध्ये कोलंबो येथील सार्क परिषदेच्या वेळी स्वाक्षरी अपेक्षित होती. ती झाली नाही. भारतीय व्यावसायिकांच्या स्पर्धेची भीती आणि पूर्वीच्या कराराचा अनुभव हे श्रीलंकेतील विरोधाचे आधार होते. नव्या करारासाठी २०१६ पासून वाटाघाटी झाल्या, मध्यंतरी थांबल्या आणि २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाल्या. दरम्यान २०२२ च्या आर्थिक संकटात भारताने श्रीलंकेस सुमारे ४ अब्ज डॉलरचे साहाय्य केले.

निष्कर्ष

या कराराने व्यापार वाढविला, हे निर्विवाद आहे. सहकार्याची खोली मात्र व्यापाराच्या आकड्यांवरून मोजता येत नाही. करारातील औदार्य शुल्काच्या वेळापत्रकात दिसते. कोटा आणि बंदरांच्या अटी त्याची खरी मर्यादा ठरवितात. मोठ्या देशाने लहान शेजाऱ्याच्या प्रमुख उत्पादनांना मोकळी वाट दिली, तरच पुढील कराराला आवश्यक असणारा विश्वास निर्माण होतो. भारत–श्रीलंका कराराच्या इतिहासातून हाच बोध मिळतो.